शब्दचर्चा : 'दान', 'अर्पण', 'त्याग' आणि 'दानत', मुलांना कोणता शब्द द्यायचा?

प्रश्न

नमस्कार मंडळी. आमच्याकडे चर्चच्या सभासदांनाही 'मंडळी'च म्हणतात, त्यामुळे हे संबोधन मला दुहेरी जवळचं.

मी नागपुरात, सदर भागात राहते आणि दर रविवारी उपासनेच्या आधी अकरा ते पंधरा वयाच्या मुलांचा वर्ग घेते. कापणीच्या सणापर्यंत तीन विषय शिकवायचे आहेत : विश्वास, यज्ञ आणि उदारपणे देणं. विषय माझ्या रोजच्या जगण्यातले आहेत, पण शब्दांपाशी माझं घोडं अडलं आहे.

गेल्या रविवारी मुलांना काही शब्द दिले आणि वाक्यं करायला सांगितली. 'त्याग'चं वाक्य आलं, "आईने नोकरीचा त्याग केला." 'बलिदान'चं आलं, "अपघातात चार जणांचे बलिदान झाले." 'दान'चं आलं, "मंडळाच्या पोरांनी आमच्या दुकानातून दान नेलं." सातवीतल्या एका मुलीने लिहिलं, "देव फार उधार आहे." मी 'ध'खाली लाल रेघ मारली.

दशमांशाचं नाव काढलं तर अर्धा वर्ग गणितात गेला. त्यांना 'दशांश चिन्ह' माहीत आहे. मी म्हटलं, मिळकतीतला दहावा हिस्सा, देवाला द्यायचा. एक मुलगा वर्ग संपल्यावर जवळ आला आणि हळूच म्हणाला, "टीचर, माझ्याजवळ वीसच रुपये आहे. दोन रुपये टाकले तर चालते का?" मी म्हटलं, चालतं रे बाळा. मग उपासनेत अर्पणाची थैली त्याच्या रांगेत आली तेव्हा मी बघत होते. त्याने मूठ मनगटापर्यंत थैलीत घातली, नाण्यांचा आवाज होऊ नये म्हणून तळाशी नेऊन सोडली आणि हात काढताना शेजारच्याकडे बघितलं. त्याला लाज वाटत होती. ती लाज त्याला कुठल्या शब्दाने दिली असेल, हे तेव्हापासून माझ्या डोक्यात आहे. 'दान' म्हटलं की देणारा मोठा असावा लागतो आणि रक्कमही मोठी, असं मुलांना वाटतं का?

या शब्दांच्या छटा कुणी नीट उलगडून सांगाल का?

प्रतिसाद : निवृत्त मराठी शिक्षक, धरमपेठ

ताई, मी ख्रिस्ती नाही, पण शब्दांबद्दल बोलू शकतो.

'त्याग' हा 'त्यज्' धातूपासून, म्हणजे सोडणं, टाकणं. त्यात कोणासाठी हे येतच नाही. माणूस सिगारेटचाही त्याग करतो आणि राज्याचाही. तुमच्या विद्यार्थ्याचं आईचं वाक्य भाषेच्या दृष्टीने अगदी बरोबर आहे, पण त्यात आईने कोणासाठी सोडलं ते नाही, आणि तुम्हाला तर तेच शिकवायचं आहे.

'बलिदान'चा दोष मुलाचा नाही, वर्तमानपत्रांचा आहे. 'अपघातात चार बळी' हे मथळे वाचून मुलं मोठी होतात. बळी जाणं आणि बळी देणं यांत ज्याचा जीव जातो त्याला कोणी विचारत नाही. स्वतःहून दिलेल्या गोष्टीसाठी म्हणून तो शब्द मुलांना वापरायला देऊ नये असं माझं मत.

'अर्पण' मला सर्वांत स्वच्छ वाटतो. 'ऋ' म्हणजे जाणं, त्याचं प्रयोजक रूप 'अर्पय', म्हणजे जायला लावणं, नेऊन ठेवणं. त्यात वस्तू आहे, ती ठेवण्याची जागा आहे आणि ठेवणारा हात आहे. किती, याला त्या शब्दात काहीच जागा नाही. फूल अर्पण होतं, ग्रंथ अर्पण होतो, आयुष्यही.

'वर्गणी' ठरवून दिलेली आणि वाटून घेतलेली रक्कम. मंडळाची पोरं मागतात ती वर्गणी, किंवा आपल्याकडे सर्रास म्हणतात तसा 'चंदा'. 'देणगी'ला पावती फाडतात. यात हलकंभारी काही नाही, शब्दांची कामं वेगळी आहेत इतकंच.

'दान'बद्दल मात्र थोडं थांबतो, कारण नागपुरात त्या शब्दाला फार मोठं घर आहे. बौद्ध परंपरेत दहा पारमितांची, म्हणजे पूर्णत्वाला न्यायच्या गुणांची, सुरुवातच दानापासून होते. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीकडे जाणाऱ्या रस्त्यांवर लोक परगावहून आलेल्यांना जेवू घालतात ते तुमच्या मुलांनी पाहिलेलं असणार. तिथे देणाराच हात जोडून उभा असतो, "घ्या ना, ताई, घ्या" म्हणत. शिवाय रक्तदान, नेत्रदान, श्रमदान या शब्दांनी 'दान' आजही जिवंत ठेवला आहे. तो शब्द वर्गात लहान करू नका. वर्गातल्या कोणाची मैत्रीण बौद्ध घरातली असेल, तर त्या घरी दान म्हणजे काय हे तिलाच विचारून यायला सांगा.

प्रतिसाद : निवृत्त पाळक

ताई, जय ख्रिस्त. सरांनी मराठीची बाजू उत्तम मांडली. मी मूळ भाषांकडून येतो.

आपल्या पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, 'यज्ञ' शब्द आहे. रोमकरांस पत्राच्या १२व्या अध्यायात शरीरे 'जिवंत यज्ञ' म्हणून समर्पण करायला सांगितलं आहे. जुन्या करारात होमबली, होमार्पण असे शब्द भेटतात. मुलांच्या डोळ्यांपुढे लगेच अग्निकुंड येतं आणि गोष्ट जळून संपते. पण अर्पणासाठीचा एक सर्वसाधारण हिब्रू शब्द आहे 'कोरबान'. त्याचा धातू क-र-ब, अर्थ जवळ येणं, जवळ आणणं. 'कुर्बानी' त्याच सेमिटिक कुळातला, आणि नागपूरच्या रस्त्यावर मुलं रोज ऐकतात तो 'करीब'ही. म्हणजे मुळात अर्पण म्हणजे गमावणं नाही, जवळ नेणं. हे मी वर्गात फळ्यावर 'करीब' लिहून सांगत असे, आणि मुलांना ते एका झटक्यात कळत असे.

मार्काच्या ७व्या अध्यायातला प्रसंग जरूर घ्या. आईबापांना ज्याचा उपयोग व्हायचा ते देवाला वाहिलं आहे असं म्हणून काही लोक हात झटकत होते, आणि येशूने त्यांना खडसावलं. देवाचं नाव घेऊन घरच्यांना उपाशी ठेवणं हे अर्पण नव्हे, हे मुलांना दशमांशाच्याही आधी कळलं पाहिजे. ज्या घरात फी थकली आहे त्या घरातल्या पोराला आपण टक्केवारी शिकवू नये. हे मी पाळक म्हणून सांगतो.

आता 'विश्वास'. 'वि' आणि 'श्वस्', श्वास घेणं. ज्याच्यापाशी श्वास मोकळा होतो त्याच्यावर विश्वास. संध्याकाळी सदर बाजारात बघा, बापाच्या गाडीवर मागे बसलेलं पोर त्याच्या पाठीला गाल टेकून झोपलेलं असतं. हॉर्न वाजतात, ब्रेक लागतात, ते उठत नाही. 'श्रद्धा'चं मूळ निराळं : 'श्रत्' आणि 'धा', हृदय ठेवणं. लॅटिन 'क्रेडो' याच कुळातला. दोन्ही शब्द सुंदर आहेत, पण लहान मुलांना मी श्वासवाला आधी देईन.

आणि एक शब्द मुलं दर प्रार्थनेला बोलतात : आमेन. हिब्रूत विश्वास, स्थिरता यासाठी 'एमुना' आहे, आणि आमेन त्याच धातूचा. अरबीतून मराठीत आलेलं 'इमान'ही त्याच कुळातलं. इमानेइतबारे काम करणारा माणूस आणि आमेन म्हणणारा माणूस, दोघांच्या शब्दांचं रक्त एक आहे. मला हे कळलं तेव्हा मी चाळिशीचा होतो. तुमच्या मुलांना आत्ताच कळू दे.

प्रतिसाद : अमरावती जिल्ह्यातून

'दानत'बद्दल कोणीच कसं बोललं नाही? आमच्या आजीचा शब्द. "पैसा आहे, पण दानत नाही." दान देण्याची वृत्ती ती दानत. दानापासूनच झाला असणार.

दुसरं, आमच्या घरी स्वयंपाकाला तांदूळ काढले की आजी त्यातली एक मूठ वेगळ्या डब्यात टाकायची. त्याला 'देवाची मूठ' म्हणायचे. महिनाअखेरीस डबा चर्चमध्ये जायचा आणि तिथून गरजू घरी. मिझोराममधल्या मंडळ्यांत ही मूठभर तांदळाची रीत १९१० पासून चालत आलेली आहे हे मला फार नंतर समजलं. मुलांना पैशापेक्षा मूठ लवकर कळते, कारण ती प्रत्येकाला स्वतःच्याच हाताएवढी असते.

आणि कापणीच्या सणातला लिलाव! कोणी संत्री आणतं, कोणी कोहळं (पुण्याकडचे लाल भोपळा म्हणतात ते), कोणी चार अंडी. एकजण कोहळं तीनशेला घेतो आणि पुन्हा टेबलावर ठेवतो, "आणखी एकदा बोला." एकच कोहळं तीनदा विकलं जातं. 'उदार' शब्दाचा अर्थ मी तिथे शिकले.

प्रतिसाद : निवृत्त मराठी शिक्षक, धरमपेठ

'दानत' 'दाना'वरून आला असं जवळजवळ सगळ्यांना वाटतं, वापरानेही आपण तो तिकडे ओढला आहे. पण तो अरबी 'दियानत'. अर्थ प्रामाणिकपणा, सचोटी. 'दीन' म्हणजे धर्म, त्याच धातूचा. म्हणून "त्याची दानत चांगली नाही" याचा अर्थ तो पैसे देत नाही एवढाच नसतो. त्याचा हेतू सरळ नाही, असाही असतो.

प्रतिसाद : निवृत्त पाळक

सर, तुम्ही मला आज मोठी भेट दिलीत. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या ८व्या अध्यायात मासेदोनियातल्या मंडळ्यांचं वर्णन आहे. त्या अत्यंत गरीब होत्या, तरी त्यांच्या देण्याला पूर आला. तिथे आपण ज्याला 'औदार्य' म्हणतो त्या जागी ग्रीक शब्द आहे 'हाप्लोतेस'. त्याचा मूळ अर्थ साधेपणा, एकसरळपणा, मनात दुसरी घडी नसणं. उदार माणूस म्हणजे ज्याच्या देण्यात दुसरा हेतू नाही. मी इतकी वर्षं त्यासाठी मराठी शब्द शोधत होतो, आणि तो आजीबाईंच्या तोंडी होता. दानत!

पुढच्याच अध्यायात आहे, "संतोषाने देणारा देवाला प्रिय असतो." दुःखी मनाने किंवा द्यावं लागतं म्हणून देऊ नये, हे त्याच वचनात आहे. मुलांकडून हे पाठ करून घेतात, पण त्याचा पहिला भाग बरेचदा गाळतात. तो गाळू नका, ताई.

प्रतिसाद : गृहिणी, जरीपटका

त्या 'देव उधार आहे' लिहिणाऱ्या मुलीची लाल रेघ खोडाल का?

म्हणजे शुद्धलेखनात ती चुकली हे खरं. उदार आणि उधार वेगळे. पण नीतिसूत्रांच्या १९व्या अध्यायात लिहिलं आहे की जो दरिद्र्यावर दया करतो तो परमेश्वराला 'उसने देतो', आणि देव त्याची फेड करतो. शब्द 'उधार' नाही, 'उसने' आहे, आणि मला तो फरक फार आवडतो. उधार दुकानात असते, वहीत लिहिलेली. उसनं शेजारात असतं. वाटीभर साखर उसनी नेली तर वाटीभरच परत येते, बहुतेक वेळा थोडी शिगोशीग. त्यावर व्याज नसतं आणि कोणी तारीख घालत नाही. देव आपल्या शेजारी राहतो आणि गरीब माणसाच्या हातून आपल्याकडे वाटी पाठवतो, असं ते वचन आहे. मुलीला हे सांगा.

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. काल वर्ग झाला.

फळ्यावर आधी 'करीब', मग 'इमान' आणि 'आमेन' शेजारी शेजारी लिहिले. एक मुलगा म्हणाला, "म्हणजे बेइमान माणसानं आमेन म्हटलं तर ते खोटं होते?" मी म्हटलं, तूच सांग. त्यावर दहा मिनिटं वाद झाला आणि मी मधे पडले नाही.

मुलीची वही घेऊन बसले. 'ध'ची रेघ तशीच ठेवली, कारण परीक्षेत तिचे गुण जाऊ नयेत. पण बाजूला तिला ते वचन लिहून दिलं. तिने 'उसने' शब्द तीनदा वाचला आणि विचारलं, "मग देवाकडे माझी वाटी आहे का?" मला लगेच बोलता आलं नाही.

शेवटी गरीब विधवेची गोष्ट घेतली, मार्काचा १२वा अध्याय. श्रीमंत पुष्कळ टाकत होते, आणि तिने 'दोन टोल्या म्हणजे एक दमडी' टाकली. येशू म्हणतो, तिने आपली सगळी उपजीविका टाकली. इथे मी 'उपजीविका' शब्द फोडून दाखवला, आत 'जीव' आहे तो. पाळकसाहेबांना विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं की ग्रीकमध्ये तिथे 'बिओस' आहे, ज्याचा अर्थ जगण्याचं साधनही होतो आणि जगणंही. वर्ग शांत होता. तिच्या नाण्यांची किंमत विचारायला कोणी बोट वर केलं नाही. येशूने ती रक्कम लहान म्हणून सोडून दिली नाही, शिष्यांना जवळ बोलावून दाखवली, एवढंच मी म्हटलं. वीस रुपयेवाल्या मुलाकडे मुद्दाम बघितलं नाही.

उपासनेत थैली त्याच्या रांगेत आली. त्याने एक-एक रुपयाची दोन नाणी वरूनच सोडली. ती वाजली.

आता एक शेवटची शंका उरली. 'दमडी' आपण बोलतो, "दमडी नाही खिशात" म्हणतो. पण 'टोली' हा नाण्याच्या अर्थाने मी शास्त्राबाहेर कुठेच ऐकला नाही. वऱ्हाडात किंवा झाडीपट्टीत, कुणाच्या आजी-आजोबांच्या बोलण्यात तो होता का?