मदत हवी आहे : सांगलीत रीसेल फ्लॅटचा भाव उतरलाय, आत्ता घ्यावा का?

नमस्कार मंडळी,
सध्या विश्रामबागेत भाड्याने राहतो. शामरावनगरच्या बाजूला पहिल्या मजल्यावरचा टू बीएचके बघितलाय. मालक पुण्यात स्थायिक, त्याला विकायची घाई. दिवाळीत सांगितलेल्या रकमेतून चार लाख उतरलाय. एजंट म्हणतो, "मार्केट पडलंय, हीच वेळ आहे." पण विश्रामबागेत विचारलं तर कुणी दमडी सोडत नाही. मग पडलंय ते नक्की कुठलं मार्केट?

परवा फ्लॅट बघून खाली उतरलो तर तळमजल्याच्या भिंतीला छातीपर्यंत नवा रंग, वर जुनाच. विजेचे मीटर उचलून जिन्याच्या वळणावर नेलेत. २०१९ ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५. २०२१ लाही पूर आलाच. मला तरी हे चार लाख मंदीचे वाटत नाहीत, पाण्याचे वाटतात. तसं असेल तर उद्या मी विकायला काढला की गिऱ्हाईक माझ्याकडूनही तेवढेच कापणार.

व्याजाचं मात्र पटतं. २०२५ मध्ये रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या व्याजानं कर्ज देते तो) फेब्रुवारी ते जून ६.५० वरून ५.५० टक्क्यांवर आला, हप्ता थोडा हलका बसेल. सौ.चं म्हणणं, भाडं भरून हाती काय लागतं? (तिच्या नावावर घेतला तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट, हेही तिनंच शोधलं.)

जागा गुंठेवारीतली आहे (म्हणजे मंजुरीशिवाय गुंठ्या-गुंठ्यानं पाडून विकलेले प्लॉट). "रेग्युलर झालीय" म्हणतात, हातात फक्त झेरॉक्स. पूररेषा कुठं बघायची? त्या भागात राहणारं कुणी आहे का इथं?

प्रतिसाद १ : निळ्या-लाल पूररेषेचे नकाशे जलसंपदा विभाग करतो. सर्व्हे नंबर घेऊन महापालिकेच्या नगररचना विभागात जा. नियमितीकरणाचं प्रमाणपत्र मूळच बघा, झेरॉक्सवर बयाणा देऊ नका. आणि १ टक्का सूट वहिनींच्या एकटीच्या नावावर घेतला तरच, तुमचं नाव जोडलं की गेली.

प्रतिसाद २ : त्याच भागात राहतो. पहिल्या मजल्यावर पाणी येत नाही हो, पण वीज जाते, गाडी आधीच हलवावी लागते, प्यायचं पाणी टँकरचं. जुलै-ऑगस्टमध्ये एकदा येऊन बघा, मग भाव करा.

धागाकर्ता : आभारी आहे. मूळ प्रमाणपत्र मागितलं, तर एजंट "मालकाकडे पुण्यात आहे" म्हणाला, आणि लगेच आणखी पन्नास हजार कमी केले.