वय ४२, आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी) परवडत नाही... मदत हवी आहे

नमस्कार मैत्रिणींनो, मी साताऱ्याची, लग्न उशिरा झालं त्यामुळे सगळंच उशिरा. एएमएच (बीजांचा साठा किती उरलाय ते सांगणारी रक्ताची टेस्ट) ०.६ म्हणजे कमी आलाय, मिस्टरांचा रिपोर्ट नॉर्मल. पाळी अजून रेग्युलर आहे पण २४-२५ दिवसांवर आलीये. पुण्यातल्या एका सेंटरला गेलो तर डॉक्टर पाच मिनिटं बोलले आणि मग काउन्सेलर बाईंनी फाइलच्या मागे पेनने पॅकेज लिहून दिलं, अडीच लाख, इंजेक्शनं वेगळी, वर ईएमआय पण आहे म्हणे (फ्रीज घ्यायला गेलोय का आम्ही!). मेडिक्लेममध्ये हे बसत नाही. एवढं करून या वयात स्वतःच्या बीजाने चान्स कमीच, डोनर एग घ्या म्हणाले.

गोव्याच्या सरकारी मेडिकल कॉलेजमध्ये आयव्हीएफ फुकट करतात असं वाचलं, तिथे महाराष्ट्रातल्यांना घेतात का? मुंबई-पुण्यात सरकारी किंवा ट्रस्टच्या हॉस्पिटलात कोणी केलंय का, खर्च किती आला? कायद्याने बाईला ५० पर्यंत करता येतं पण माझ्याकडे तेवढा वेळ नाहीये हे कळतंय. चाळिशीनंतर नॅचरली दिवस राहिलेल्या कोणी असाल तर काय टेस्ट केल्या ते पण सांगा. नवस, काढे नकोत प्लीज, सासूबाईंकडे भरपूर स्टॉक आहे.