जुन्या सातबाऱ्यावर अनोळखी बाईचं नाव: शोध कुठून सुरू करू?

घणसोलीकर: पणजोबांच्या शेतीचा हस्तलिखित सातबारा मिळाला. जमीन पुढे नवी मुंबईसाठी सिडकोत गेली. 'इतर हक्क' रकान्यात 'सखुबाई कोम धोंडू' असं नाव आणि शेजारी वर्तुळात आकडा आहे. धोंडू हे पणजोबा, पण पणजीचं नाव सखुबाई नव्हतं. घरात विचारलं की सगळे विषय बदलतात. कागदावरून काही कळेल का?

जुना फेरफार: कळेल. 'कोम' म्हणजे अमक्याची बायको; 'बिन', 'वलद' म्हणजे मुलगा. तेव्हा ही बहीण नव्हे. पण घाई नको. आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला ठेवतात, त्यामुळे हा धोंडू दोन पिढ्या आधीचाही असू शकतो. वर्तुळातला आकडा फेरफाराचा, म्हणजे जमिनीचे हक्क बदलल्याच्या नोंदीचा, म्हणून गाव नमुना 6 (फेरफार नोंदवही) मधल्या त्याच नोंदीची नक्कल काढा. मयत कोण, वारस कोण, नातं काय, हे तिथे लिहिलेलं असतं. नोंदीत 'अ.पा.क.' (अज्ञान पालनकर्ता) दिसलं तर वारस अज्ञान, म्हणजे वयाने लहान होता. पुढचं नाव पालनकर्त्याचं. आधी 'आपले अभिलेख' संकेतस्थळावर गाव आणि सर्व्हे नंबर टाकून बघा, नाहीतर ठाणे तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करा. अर्जात फेरफार क्रमांक हवाच. नुसत्या नावावर शोध लागत नाही, कारण रजिस्टर क्रमांकाने लावलेलं असतं.

आगरी पोर: भूसंपादनाचा निवाडाही, म्हणजे जमीन घेतानाचा मोबदल्याचा आदेश, मागवा, त्यात सर्व्हे नंबरवार हितसंबंधितांची नावं असतात. गेलेल्या जमिनीच्या बदल्यात सिडकोच्या साडेबारा टक्के योजनेतला भूखंड मिळाला असेल तर त्या फायलीतला वारस दाखला बघा.

मोडीवाचक: कोतवाल बुक, म्हणजे गावातल्या जन्म-मृत्यूची नोंदवही (गाव नमुना 14), विसरू नका. जन्माच्या नोंदीत बऱ्याचदा बाळाचं नाव नसतं, नुसतं 'मुलगा' किंवा 'मुलगी'. म्हणून बापाच्या नावाने शोधा. पानं मोडीत असतील तर शब्दांत अंतर नसतं आणि ऱ्हस्व-दीर्घही पाळलेलं नसतं, त्यामुळे एकच नाव दोन तऱ्हांनी वाचलं जातं. फोटो सरळ वरून, पूर्ण पानाचा काढा. कापलेल्या एका ओळीवरून अक्षराचं वळण ओळखता येत नाही.

जुना फेरफार: आणखी एक, मनापासून सांगतो. मुंबई प्रांतात हिंदूंना दुसरी बायको करायला कायद्याने बंदी आली ती 1946 मध्ये. सखुबाई त्याआधीची पहिली किंवा दुसरी बायको असेल तर ते लग्न कायदेशीरच होतं, तिच्या नावाला बट्टा लावू नका. नक्कल हाती आली की घरातल्या सर्वांत वयस्क बाईला एकटीला गाठा. 'ती कोण होती?' असं विचारू नका, 'सखुबाईंचं माहेर कुठलं?' असं विचारा.