‘हॉलिडे एपिसोड’: सुट्टीचा भाग की सणाचा?

प्रश्न

‘डेज ऑफ अवर लाइव्हज’ या अमेरिकी मालिकेतील नाताळच्या एका जुन्या भागाविषयी मी एक टिपण लिहीत आहे. हा भाग मी दर डिसेंबरात पुन्हा पाहते. त्यात हॉर्टन कुटुंबातील माणसे बैठकीच्या खोलीत जमतात आणि प्रत्येक जण आपले नाव लिहिलेला शोभेचा गोळा नाताळच्या झाडावर अडकवतो. कुटुंबात नव्याने आलेल्यांसाठी नवा गोळा असतो, आणि जे या जगात नाहीत त्यांचेही गोळे काढून ठेवले जात नाहीत. टिपणाचे पहिले वाक्य मी असे लिहिले: ‘या सुट्टीच्या मोसमात मी माझ्या आवडत्या साबण-नाट्याच्या सुट्टीच्या भागाला पुन्हा भेट दिली.’ वाक्यात व्याकरणाची चूक नाही, तरीही ते मोठ्याने वाचल्यावर माझे मलाच हसू आले. ‘सोप ऑपेरा’, ‘डेटाइम’, ‘हॉलिडे एपिसोड’ आणि ‘पुन्हा भेट देणे’ या चारही ठिकाणी योग्य शब्द सुचवावेत, ही विनंती.

पहिला प्रतिसाद

‘साबण-नाट्य’ प्रथम काढून टाकावे. हे नाव अमेरिकेत १९३०च्या दशकात रेडिओवरील मालिकांना मिळाले, कारण दुपारी घरी असणाऱ्या गृहिणींसाठी चालणाऱ्या त्या मालिकांचा खर्च प्रॉक्टर अँड गॅम्बलसारख्या साबण तयार करणाऱ्या कंपन्या उचलत असत. नावात थट्टाही होती: घोडेस्वारांच्या चित्रपटांना तेथे आधीपासून ‘घोड्यांचा ऑपेरा’ म्हणत, त्याच धर्तीवर हा साबणाचा ऑपेरा झाला. मराठीत साबण शब्दशः आणला की थट्टा नाहीशी होते आणि फक्त फेस उरतो. आपला ‘मालिका’ हा शब्द पुरेसा आहे. रोज लागणारी असे सांगायचे असेल तर ‘दैनंदिन मालिका’ म्हणावे. मूळ नावातील तुच्छता हवी असेल, तर मराठीत तिची उणीव नाही. ‘मालिकांचा रतीब’, ‘कथेत पाणी घालणे’, ‘चऱ्हाट वळणे’ हे सर्व वाक्प्रचार त्याच कामाचे आहेत. मात्र आपण आवडीने लिहीत आहात, तेव्हा त्यांचा येथे उपयोग नाही.

‘डेटाइम’ अधिक अवघड आहे. अमेरिकी दूरचित्रवाणीत ही केवळ वेळ नसून वर्ग आहे. संध्याकाळच्या मालिका आणि दिवसाच्या मालिका यांचे अर्थकारण वेगळे, नटसंच वेगळे, आणि १९७४पासून दिवसाच्या कार्यक्रमांसाठी एमी पुरस्कारांचा सोहळाही वेगळा. ‘दिवसाकालीन’ असा शब्द मी एका अनुवादात पाहिला होता. तो कोणीही पुन्हा वापरू नये. ‘दुपारची मालिका’ हेच मला सहज वाटते.

दुसरा प्रतिसाद

‘दुपारची’ या शब्दाला एक आक्षेप आहे. ‘डेज ऑफ अवर लाइव्हज’ ८ नोव्हेंबर १९६५ रोजी एनबीसी वाहिनीवर सुरू झाली; १२ सप्टेंबर २०२२ पासून मात्र ती वाहिनीवर नसून पीकॉक या स्ट्रीमिंग सेवेवर आहे. आता ती प्रेक्षक मध्यरात्रीही पाहू शकतात. मग ती दुपारची कशी?

पहिला प्रतिसाद, पुन्हा

आक्षेप योग्य आहे, पण तो शब्दाला लागू होत नाही. ‘रात्रशाळा’ दुपारी चार वाजता भरली तरी तिचा प्रकार बदलत नाही, तसेच हे आहे. ‘दुपारची मालिका’ म्हणताना आपण घड्याळ सांगत नाही, घडण सांगतो: आठवड्याचे पाच दिवस येणारी, मोजक्या खोल्यांत घडणारी, अनेक पिढ्यांची माणसे असलेली आणि शेवट ठरवून न लिहिलेली कथा.

तिसरा प्रतिसाद

मुख्य प्रश्न ‘हॉलिडे’चा आहे, आणि येथे ‘सुट्टी’ हा शब्द अर्थ पार उलटा करतो. मराठीत ‘सुट्टीचा भाग’ म्हटले की वाचक दोन गोष्टी समजेल: एक तर पात्रे सुट्टीवर कोठे तरी गेली आहेत, किंवा मालिकेला त्या दिवशी सुट्टी आहे. प्रत्यक्षात हॉलिडे भागात पात्रे कोठेही जात नाहीत; उलट दूर गेलेली पात्रे घरी येतात. अमेरिकी बोलण्यात ‘हॉलिडेज’ म्हणजे नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी येणाऱ्या थँक्सगिव्हिंगपासून नववर्षापर्यंतचा काळ. त्यासाठी ‘सणासुदीचे दिवस’ हा शब्दसमूह आपल्याकडे तयार आहे, आणि भागासाठी ‘सणाचा भाग’. एकाच सणाविषयी लिहीत असाल तर ‘नाताळचा भाग’ हे त्याहून नेमके. ‘उत्सवी भाग’ मी टाळेन, कारण उत्सव सार्वजनिक असतो आणि हे प्रसंग घरातील आहेत. ‘महाएपिसोड’ तर नकोच. तो लांबीचा आणि जाहिरातीचा शब्द आहे. सणाचा भाग नेहमीच्याच लांबीचा असतो आणि त्याचे वैशिष्ट्य कथेचा वेग कमी होण्यात आहे.

‘सण’ शब्दाच्या बाजूने आणखी एक कारण देतो. या मालिकांत पात्रांचे पंचांग आणि प्रेक्षकांचे पंचांग बहुधा एकच असते. सर्वांत ठळक दाखला २२ नोव्हेंबर १९६३चा आहे. सीबीएस वाहिनीवर ‘ॲज द वर्ल्ड टर्न्स’ या दुपारच्या मालिकेचा भाग थेट प्रसारित होत होता. नॅन्सी ह्यूज हे पात्र आपल्या सासऱ्यांशी बोलत होते आणि विषय होता पुढील आठवड्यातील थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला मुलाने आपल्या घटस्फोटित पत्नीला बोलावल्याचा. त्याच संवादात खंड पडला आणि वृत्तनिवेदक वॉल्टर क्रॉन्काइट यांच्या आवाजात अध्यक्ष केनेडी यांच्यावर गोळीबार झाल्याची बातमी आली. स्टुडिओतील कलाकारांना त्याची कल्पना नव्हती. ते अभिनय करतच राहिले. लक्षात घेण्यासारखे हे की पात्रे ज्या जेवणाची चर्चा करत होती तेच जेवण प्रेक्षकांच्या घरी सहा दिवसांवर आले होते. अशा कथेत सण हा सजावटीपुरता नसतो. सुट्टी प्रत्येकाची वेगळी असू शकते, पण सण पात्राचा आणि प्रेक्षकाचा एकाच वेळी येतो.

जाता जाता: ‘सण’ हा शब्द संस्कृत ‘क्षण’पासून आला आहे, आणि संस्कृतात ‘क्षण’ म्हणजे उत्सव असाही अर्थ होता, अमरकोशाने तो उत्सवाच्या पर्यायांत दिला आहे. ज्या मालिकेच्या शीर्षकदृश्यात वाळूचे घड्याळ आहे तिच्या नाताळच्या भागाला ‘सणाचा भाग’ म्हणणे मला म्हणूनच दुहेरी समर्पक वाटते.

चौथा प्रतिसाद

शोभेच्या गोळ्याविषयी. आपण ‘अडकवतो’ लिहिले ते बरे केले. ‘टांगतो’ मध्ये एक कठोर छटा आहे, ‘लटकवतो’ मध्ये निष्काळजीपणा. आणि ‘ऑर्नमेंट’ला कोणी ‘दागिना’ किंवा ‘अलंकार’ म्हणू नये.

पाचवा प्रतिसाद

‘भागाला पुन्हा भेट दिली’ याबद्दल कोणीच लिहिले नाही, म्हणून लिहिते. मराठीत भेट स्थळाला देतात, माणसाची घेतात; भागाला भेट देता येत नाही. ‘पुनर्भेट’ने दोष झाकला जातो, जात नाही. ‘पुनःप्रक्षेपण’ हे वाहिनीचे काम आहे, प्रेक्षकाचे नव्हे, आणि या मालिकांच्या बाबतीत ते दुर्मीळही होते. रोज नवा भाग येत असल्याने जुना दाखवायला जागाच नसे. सुरुवातीच्या दशकांतील कित्येक भागांच्या फिती तर पुसून पुन्हा वापरल्या गेल्या. २०२०मध्ये साथीमुळे चित्रीकरण थांबले तेव्हा ‘द यंग अँड द रेस्टलेस’ आणि ‘जनरल हॉस्पिटल’ यांना नवे भाग संपल्यावर जुने भाग दाखवावे लागले, हा अपवाद. ‘डेज ऑफ अवर लाइव्हज’वर तीही वेळ आली नाही, कारण तिचे चित्रीकरण अनेक महिने पुढे असते.

मी ‘पारायण’ सुचवते. आवडत्या पुस्तकाची पारायणे आपण करतोच.

तिसरा प्रतिसाद, पुन्हा

‘पारायण’ आकर्षक आहे, परंतु येथे बसत नाही. पार म्हणजे पलीकडचा काठ. पारायण म्हणजे आरंभापासून अखेरपर्यंत जाणे. ज्या मालिकेचे १४ हजारांहून अधिक भाग झाले आहेत आणि जी अद्याप चालू आहे तिला पलीकडचा काठच नाही. जाहिराती वगळून दिवसरात्र पाहायचे ठरवले तरी वर्षभराच्या आसपास काळ जाईल, आणि तेवढ्यात आणखी एक नाताळ येऊन गेलेला असेल. दुपारच्या मालिकेच्या चाहत्याला पारायण करताच येत नाही. म्हणूनच तो एखादा भाग धरून ठेवतो.

त्यासाठी ‘आवर्तन’ हा शब्द आहे. अथर्वशीर्षाची आवर्तने होतात, कारण मजकूर लहान आणि पूर्ण असतो व तो पुन्हा पुन्हा म्हणायचा असतो. तालाचेही आवर्तन असते. मात्रा त्याच, सम त्याच जागी, पण त्यावरचे गाणे दर वेळी निराळे. आपला भाग तसाच आहे: गोळे तेच, झाड तेच, फक्त कोणाच्या नावाचा गोळा आज दुसऱ्याच्या हातात आहे ते पाहायचे. कुटुंबप्रमुख टॉम हॉर्टनची भूमिका करणारे मॅक्डोनल्ड केरी १९९४मध्ये गेले, टॉमची पत्नी ॲलिस हिची भूमिका करणाऱ्या फ्रान्सिस रीड २०१०मध्ये. प्रथा त्यांच्यानंतरही चालू आहे. म्हणजे भाग स्वतःच एका आवर्तनाचा तुकडा आहे आणि आपण त्याचे आवर्तन करता.

येथे ‘प्रथा’ आणि ‘शिरस्ता’ यांतील फरकही पाहता येईल. हॉर्टनांचे गोळे ही प्रथा, कारण ती कोणी तरी मनापासून जपली आहे. ‘जनरल हॉस्पिटल’मधील क्वार्टरमेन कुटुंबात थँक्सगिव्हिंगच्या दिवशी टर्कीचे काही ना काही वाटोळे होते, मग पिझ्झा मागवला जातो आणि सर्व जण नेहमीचे गीत म्हणून जेवायला बसतात, तो शिरस्ता. तसे व्हावे असे कोणालाच वाटत नाही, आणि तसे झाले नाही तर चुकल्यासारखे वाटते. रुग्णालयातील मुलांना नाताळची कथा वाचून दाखवणे ही मात्र त्याच मालिकेतील प्रथा.

दुसरा प्रतिसाद, पुन्हा

‘आवर्तन’ अर्थाने पटते, पण वृत्तपत्र वाचणाऱ्याला त्या शब्दाने धरणातून कालव्यात सोडलेले पाणी आठवेल. ‘पुन्हा पाहिला’ या दोन शब्दांत काय कमी आहे?

प्रश्नकर्ती

कमी काहीच नाही, आणि टिपणात दोन ठिकाणी मी तेच लिहिणार आहे. पण ‘पुन्हा पाहिला’ हे दुसऱ्यांदा पाहिलेल्या चित्रपटालाही चालते. माझे पाहणे ठरावीक दिवसांत येते, एरवी जूनमध्ये तो भाग लावण्याची इच्छाही होत नाही. हे ‘आवर्तना’त आपोआप येते. कालव्याच्या पाण्याचीही मला अडचण वाटत नाही, कारण तेही नेमलेल्या वेळीच सोडतात. ‘साबण’ आणि ‘सुट्टी’ दोन्ही काढले आहेत. सुधारलेले वाक्य असे: ‘यंदाच्या नाताळातही ‘डेज ऑफ अवर लाइव्हज’ या दुपारच्या मालिकेतील त्या जुन्या नाताळच्या भागाचे माझे आवर्तन झाले.’ ‘नाताळ’ दोनदा आला आहे हे मला दिसते. पहिल्या जागी ‘डिसेंबरात’ लिहून पाहिले, पण मग तो सण माझाही होता हे कळत नाही, म्हणून दोन्ही तसेच ठेवले आहेत.