तिमोरासो: पेट्रोलसारखा वास येतोय, फेकू की ठेवू?

निशिगंध
आम्ही मिलानला असतो. नवरा सायकलवेडा, म्हणून मागच्या शनिवारी तोर्तोनाजवळच्या डोंगरात जुना सायकलपटू फाउस्तो कॉप्पीचं गाव कास्तेल्लानिया बघून आलो आणि येताना तिथल्याच एका वाइनरीतून देर्तोना नावाच्या व्हाइट वाइनच्या ३ बाटल्या घेतल्या, २०२१ च्या, द्राक्ष तिमोरासो. काल एक उघडली तर पहिल्या घोटाआधीच नाकात पेट्रोलसारखा वास! चव चांगली होती, दाट, आंबट, शेवटी जरा खारट. पण ऑफिसमधला मित्र म्हणतो खराब झालीय, टाकून दे. बाबांची पंच्याहत्तरी २०२९ मध्ये आहे, एक बाटली तेव्हा फोडावी असं मनात होतं. व्हाइट इतकी वर्षं टिकते का? आत्ताच पुण्याला नेऊन आईच्या कपाटात ठेवली तर चालेल?

बूचवाला
ताई, अजिबात फेकू नका!! रिझलिंग नावाच्या द्राक्षाची व्हाइट मुरली की जो केरोसीन-पेट्रोलकडे झुकणारा वास येतो ना, तोच हा, तिमोरासोची ओळखच आहे ती. ही व्हाइट लोणच्यासारखी आहे, पहिल्या वर्षी नुसता आंबटपणा कळतो, खरी मजा मुरल्यावर. अंगात भरपूर आम्ल आणि दाटपणा असल्यामुळे चांगल्या वर्षाची बाटली १० वर्षंसुद्धा सहज जाते, आणि मग मध, सुकं गवत, बदाम असं एकेक वर येतं.

आणि हे द्राक्ष जवळजवळ संपलं होतं हो. फायलॉक्सेरा किडीनं जुने मळे गेले, नंतर लोकांनी भरवशाची कोर्तेसे आणि बार्बेरा लावली, तिमोरासोच्या कुठे कुठे चार ओळी उरल्या. मोनलेआले गावच्या वॉल्टर मास्सांनी १९८७ मध्ये फक्त तिमोरासोची वेगळी वाइन केली, काहीशेच बाटल्या. त्या काळात पिएमोंतेत (तोर्तोना ज्यात येतं तो प्रांत) सगळं लक्ष बारोलोसारख्या रेडकडे, आणि हा माणूस एका विसरलेल्या पांढऱ्या द्राक्षावर जमीन लावतोय. त्यांच्या एका मळ्याचं नाव कोस्ता देल व्हेन्तो, म्हणजे वाऱ्याचा उतार. आज बारोलोवाले मोठमोठे उत्पादक तिथे जमिनी घेतायत. देर्तोना हे तोर्तोनाचं रोमन काळातलं नाव.

निफाडचा
आमची घरची द्राक्षबाग आहे म्हणून हा वाण लोकांनी का सोडला ते मला लगेच पटलं. तिमोरासोला फुलोऱ्यात गळ फार, घडात मणी कमी बसतात, आणि जे बसतात ते एका वेळी पिकत नाहीत, एकाच घडात पिकलेलं आणि हिरवं शेजारी शेजारी. आमच्याकडे फुलोऱ्यात ढगाळ हवा लागली की मणीगळ होते, सकाळी वेलीखाली हिरवे मणी पडलेले दिसतात आणि पोटात गोळा येतो, त्यात दरवर्षी असंच होणारा वाण कोण ठेवेल? मास्सांनी ठेवला, याचं मला फार मोल वाटतं. वाइनला भाव मिळाला म्हणूनच शेजाऱ्यांनीही लावला, नाहीतर नुसत्या प्रेमावर बाग उभी राहत नाही.

बाकी तिथली माती निळसर-करड्या चुनखडीयुक्त चिकणमातीची, मूळ समुद्राचा तळ. भूगर्भशास्त्रात ‘टोर्टोनियन’ नावाचा जो कालखंड आहे (सुमारे १ कोटी १६ लाख ते ७२ लाख वर्षांपूर्वीचा), त्याला नाव तोर्तोनावरूनच पडलंय.

निशिगंध
बूचवाला, थँक्यू! कालची अर्धी बाटली बूच लावून फ्रिजमध्ये होती, आत्ता काढली. १५-२० मिनिटं टेबलावर ठेवून प्यायले तर वास जवळपास गेलाय, मधासारखं काहीतरी येतंय आणि रंगही काचेत काल वाटला त्यापेक्षा पिवळा दिसतोय, कसली सुंदर लागतेय! नवऱ्याने तर ग्लास नाकापासून खाली ठेवलाच नाही.

बूचवाला
बघा!! फार थंड पिऊ नका, १२ डिग्रीच्या आसपास बरी. पण पुण्याचं कपाट नको. एप्रिल-मे मध्ये ३८-४० डिग्रीत बाटली शिजून निघेल, ५ वर्षांचं मुरणं दोन उन्हाळ्यात उरकेल आणि तेही वाईट पद्धतीने. मिलानच्या जुन्या बिल्डिंगना तळघरात कांतिना, म्हणजे सामान ठेवायची थंड खोली, असते ना, तिथे अंधारात आडवी ठेवा आणि २०२९ ला विमानाने न्या, चेक-इन बॅगेत कपड्यात गुंडाळून. भारतात माणशी २ लिटर चालते.

तोवर परत त्या बाजूला गेलात तर मोन्तेबोरे चीज घ्या, तीन थरांचं, लग्नाच्या केकसारखं दिसतं. तेही बंद पडलं होतं, १९९९ च्या सुमारास परत सुरू झालं. तिमोरासोबरोबर जबरदस्त लागतं.

निशिगंध
कांतिना आहे! आत्ताच दोन्ही बाटल्या खाली ठेवून आले, सायकलच्या मागे, भिंतीला लागून. एकीवर चिठ्ठी लावलीय, ‘बाबा ७५’. दुसरी पुढच्या दिवाळीला उघडते आणि इथेच येऊन सांगते.