मदत हवी आहे : मधुमेह असलेल्या आईसाठी मेक्सिकन बिरोते पाव किती आणि कसा द्यावा?

नमस्कार. आम्ही मेक्सिकोत ग्वादालाहारा येथे राहतो आणि गेल्या सहा महिन्यांपासून आई आमच्याकडे आहे. तिचे वय ६८, मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत आणि ती शाकाहारी आहे. तिचे माहेर म्हापशाचे असल्यामुळे कोपऱ्यावरच्या बेकरीतला बिरोते हातात घेताच तिला लहानपणीचा उंडो, म्हणजे गोव्यातला कडक कवचाचा पाव, आठवला, आणि तेव्हापासून सकाळच्या चहाबरोबर तिला तोच हवा असतो.

मेक्सिकोत सर्वत्र मिळणारा बोलियो दोन्ही टोकांना निमुळता, वर एक चीर असलेला आणि आतून मऊ असतो. तेलेरा चपटा असून त्यावर दोन खाचा असतात. इथला बिरोते मात्र चवीला आंबटसर आणि वरून इतका कडक असतो की तोर्ता आओगादात, म्हणजे सारण भरून टोमॅटोच्या रश्श्यात बुडवलेल्या पावातही, तो विरघळत नाही. तिन्ही मैद्याचेच.

शेजारच्या बाईंनी आईला पाव उभा चिरून आतला मऊ गर, म्हणजे मिगाहोन, बोटांनी काढून टाकायला शिकवले. मी काट्यावर तोलून पाहिले : अख्खा पाव ९० ग्रॅम, गर काढल्यावर ६२. पावाच्या वजनात निम्म्याच्या आसपास कर्बोदके धरली, तर उरलेल्या कवचातही ती तीस ग्रॅमच्या घरात जातात. मग गर काढण्यापेक्षा गरासकट अर्धाच पाव देणे बरे नाही का? तिला गरच जास्त आवडतो, म्हणून विचारते. मोयेतेसारखा, म्हणजे घोटलेला राजमा आणि चीज घालून भाजून दिला, तर जेवणानंतरची साखर सावकाश चढते का, हे कोणी स्वतः मोजून पाहिले आहे का? बाहेरच्या घोटलेल्या राजम्यात बहुधा डुकराची चरबी असते, त्यामुळे तो मी घरीच शिजवते.

दुसरे असे की उरलेला पाव दुसऱ्या दिवशी दगडासारखा होतो. इथे ईस्टरआधीच्या उपवासकाळात शिळ्या पावाची कापिरोतादा करतात, पण ती गुळासारख्या पिलोनसियोच्या पाकात भिजवलेली असल्याने आईच्या कामाची नाही. फोडणीचा पाव करून पाहिला. कवच चिवट राहिले. शिळ्या बिरोतेचा एखादा तिखट, कमी तेलाचा प्रकार कोणाला माहीत असल्यास कृपया प्रमाणासह लिहावा. पाव पूर्ण बंद करण्याचा सल्ला डॉक्टरांनी दिलेला नाही, आणि तिची ती सकाळ मला हिरावून घ्यायची नाही.