अभ्यासातला जोडीदार: तुमचा अनुभव सांगा

कॉलेजात ज्यांच्यासोबत बसून अभ्यास केलात, त्यांच्यामुळे तुमचे मार्क वाढले की घसरले? नेमकं काय घडलं ते लिहा. सुरुवात मीच करते.

पुणे, इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष. रूममेट हुशार. मी अडले की ती वही पुढे करायची. लाप्लासचं गणित तिच्या वहीत वाचलं की वाटायचं, आलं मला. पेपरात पहिली ओळही सुचली नाही आणि एम-थ्रीला, म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपरला, केटी लागली; नापास झाले, पेपर पुन्हा द्यायचा. मग वर्गातली दुसरी एक केटीवालीच गाठली. एकीने फळ्यावर सोडवायचं, दुसरीने दर पायरीला "हे का?" विचारायचं. कॉन्व्होल्यूशनच्या एकाच गणितावर दोन तास घालवले, तेव्हा कुठे चूक सापडली: लिमिट झिरो टू टी घ्यायची, आम्ही इन्फिनिटीपर्यंत नेत होतो. ती चूक पुन्हा कधी झाली नाही. त्या खेपेला मला 71 पडले. रूममेटबद्दल मनात काही नाही, तिने मायेनेच वही दिली होती.

*

एमबीबीएस, पहिलं वर्ष. आम्ही दोघं हॉस्टेलच्या फरशीवर खडूने ब्रॅकियल प्लेक्सस, म्हणजे मानेतून हातात जाणाऱ्या नर्व्हचं जाळं, काढायचो. तो मध्येच एखादी नर्व्ह पुसायचा, "आता काय होईल?" रेडियल पुसली की मी मनगट लोंबतं ठेवून दाखवायचो. मी मराठी माध्यमातला, त्यामुळे समजावणं सगळं मराठीत आणि उत्तर तेवढं इंग्रजीत. वायव्हाची, म्हणजे तोंडी परीक्षेची, भीती त्या फरशीवरच गेली.

*

माझं उलटं झालं. अभ्यासिकेत जागा धरायची आणि चहाला निघायचं, की दीड तास गेलाच. मैत्री आजही घट्ट आहे, पण एकत्र अभ्यासाला परत बसलो नाही.

*

जर्मनीत मास्टर्स. दर आठवड्याची युबुंगची, म्हणजे सरावाच्या प्रश्नांची, पानं जोडीने द्यायची, निम्मे गुण झाल्याशिवाय परीक्षेला बसता येत नव्हतं. आम्ही प्रश्न वाटून घेतले. गुण सहज जमले, परीक्षेत मात्र त्याच्या वाट्याचे प्रश्न मला येईनात. पुढच्या सेमिस्टरपासून दोघंही सगळे प्रश्न सोडवून मगच भेटायला लागलो.

*

कोल्हापूरजवळचं गाव, बी.ए. बाहेरून. दिवसभर रानात काम, रात्री डोळे मिटायचे. मैत्रीण रोज फोनवर एक प्रकरण वाचून दाखवायची, मधेच थांबून विचारायची, "झोपलीस का गं?" मी पास झाले. तिला मात्र माझ्यापेक्षा बरेच जास्त पडले. म्हणाली, तुला वाचून दाखवता दाखवता माझंच पाठ झालं.